कुंपण बदलताना

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी म्हण आपण दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरतो. स्वतःचे घर आणि घराभोवती चार हात जमीन असलेल्या माणसाची धाव मात्र कुंपणापर्यंतही क्वचितच जाते. घराला काही वर्षांनी रंग लागतो, गच्चीची गळती पावसाआधी काढली जाते, बागेत दर मोसमात नवी रोपे येतात. कुंपणाकडे लक्ष जाते ते एखाद्या सकाळी गाय आत शिरून शेवंतीचा फडशा पाडून गेल्यावर, किंवा वादळी पावसात त्याची एक बाजू आडवी झाल्यावर. मग गडबडीने कुणाला तरी बोलावले जाते. तो दोन खांब रोवतो, तार ओढतो, पैसे घेऊन जातो आणि पाच-सहा वर्षांनी तीच बाजू पुन्हा झुकू लागते.

पुण्यात कोथरूडला वडिलांनी १९७६ साली बांधलेल्या आमच्या लहानशा बंगल्याचे कुंपण असेच तीनदा डागडुजी होऊन २०२२च्या ऑगस्टमध्ये पुरते कोसळले. मागच्या बोळाकडील साठ फूट आणि शेजारच्या बंगल्याला लागून असलेली चाळीस फूट, अशी काटकोनातली शंभर फुटांची बाजू. सागाचे खांब आणि पाच पदरी काटेरी तार. या वेळी ते स्वतः, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला हाताशी घेऊन बदलायचे असे ठरवले. त्यात पैसे वाचवण्याचा हेतू होता, नाही असे नाही. पण त्याहून अधिक कुतूहल होते ते या गोष्टीचे, की चांगला सागाचा खांब पडतो तरी का? आणि पडतो तो नेमका जमिनीलगतच का मोडतो?

उपटून काढलेले खांब ओळीने मांडून ठेवले तेव्हा उत्तर समोर दिसले. जमिनीच्या वरचा भाग उन्हापावसाने करडा पडला असला तरी ठणठणीत होता. जमिनीत दीड फूट खोल गेलेले टोकही बऱ्यापैकी शाबूत होते. कुजला होता तो मधला, जमिनीच्या पातळीलगतचा वीतभर पट्टा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, ओलावा आणि हवा. वर हवा भरपूर, पण लाकूड लवकर वाळते. खोलवर ओल टिकते, पण हवा पुरेशी पोहोचत नाही. जमिनीच्या पातळीवर मात्र दोन्हींची सोय असते. वाळवीही तिथूनच चढते. लोखंडाचा खांबही बहुधा त्याच ठिकाणी गंजतो, कारण गंजालाही पाणी आणि प्राणवायू दोन्ही हवे असतात. लाकूड असो वा लोखंड, कुंपणाचे आयुष्य या वीतभर पट्ट्यात ठरते. कोकणात खांबाचे खालचे टोक जाळून काळे करण्याची किंवा त्याला डांबर फासण्याची रीत आहे, ती याच अनुभवातून आलेली.

या खांबांपैकी दोन अधिक बोलके होते. १९९८ साली एका ठेकेदाराने ते बदलताना "पक्के काम" म्हणून त्यांच्याभोवती सिमेंट काँक्रीट ओतले होते. ते इतरांपेक्षा आधी, सहा-सात वर्षांतच कुजले. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. आक्रसले की त्याच्या आणि काँक्रीटच्या मध्ये बारीक फट पडते आणि पुढच्या पावसाचे पाणी त्या फटीत उतरून काँक्रीटच्या पेल्यात साचून राहते. त्यातून त्या गृहस्थाने काँक्रीट जमिनीच्या दोन इंच खालीच थांबवून वर माती सारली होती. सिमेंट वापरले म्हणजे काम पक्के झाले, या समजुतीने आपल्याकडे बरेच नुकसान केले आहे.

आता नवे कुंपण कशाचे करायचे? विटांची भिंत सर्वांत टिकाऊ, पण तिला पाया लागतो, खर्च लागतो आणि बागेतली हवा अडते. शिवाय शहरात भिंतीच्या उंचीवर, विशेषतः रस्त्यालगत आणि कोपऱ्यावर, बांधकाम नियमावलीची मर्यादा असते. ती महापालिकेत विचारून घ्यावी. तयार सिमेंटचे खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेल्या फळ्या यांची भिंत अलीकडे भूखंडांभोवती सर्रास दिसते. ती झटपट उभी राहते, पण एकेक फळी दोघांतिघांनी उचलावी लागते. घरच्या घरी करण्याचे ते काम नव्हे. लाकूड देखणे खरे, पण आपल्या पावसात त्याची दरवर्षी सेवा करावी लागते आणि आज बाजारात कोवळ्या झाडाचा, सालीलगतच्या पांढऱ्या भागाचा सागच अधिक मिळतो. गाभ्याच्या सागाची किंमत ऐकून कुंपणाचा विचार सोडून द्यावा लागतो. काटेरी तार ही मुळात गुरांसाठी. अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला तिचे पेटंट १८७४ साली मिळाले, तेही मोकळ्या कुरणांवरची गुरे अडवण्यासाठीच. लहान मुले आणि चेंडू असलेल्या वस्तीत ती नसलेली बरी. उरली लोखंडी अँगलचे खांब आणि त्यांवर ताणलेली चौकटीच्या भोकांची जाळी, जिला बाजारात चेनलिंक म्हणतात. ती हवा आणि ऊन अडवत नाही, वेल चढवता येतात आणि दोन माणसांना झेपते. आम्ही तीच घेतली.

पण खरेदीच्या आधी एक काम होते. ते आम्ही जवळजवळ विसरलोच होतो.

जुने कुंपण काढताना शेजारच्या बाजूला, झुडपांच्या मुळाशी हद्दीचा दगड सापडला. दुसरा दगड मागच्या कोपऱ्यात होता, तो आम्हाला ठाऊक होता. दोन्हींच्या मध्ये दोरी ताणून पाहिली, तर मधल्या सोळा फुटांच्या लांबीत आमचे कुंपण सरळ न जाता शेजारच्यांच्या हद्दीत सव्वा फूट वाकलेले निघाले. सव्वा फुटाच्या त्या पोटात वडिलांनी लावलेला पारिजातक उभा होता. शेजारच्या काकूंना विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अरे, तुझ्या बाबांनी आणि आमच्या यांनी मिळूनच वाकवलंय ते. झाड चुकून हद्दीवर लागलं होतं, ते तोडायचं नव्हतं दोघांनाही. राहू दे की तसंच." हिशेब केला तर ती जागा जेमतेम दहा चौरस फूट भरत होती.

तसेच राहू देणे सर्वांत सोपे होते. पण काकूंचे दोन्ही मुलगे बाहेरगावी असतात आणि त्या बंगल्याच्या पुनर्विकासाचा विचार त्यांच्या घरात सुरू आहे, हे आम्हाला माहीत होते. उद्या मोजणी झाली, नकाशे निघाले की दोन मित्रांमधला १९७६चा समजूतदारपणा कागदावर कुठेच दिसणार नाही. दिसेल ते आमचे अतिक्रमण. बारा वर्षे कुंपण एका जागी होते म्हणजे जमीन आपोआप आपली झाली, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. प्रतिकूल ताब्याचा दावा करणाऱ्याला तो ताबा उघड, अखंड आणि मूळ मालकाचा हक्क नाकारणारा होता हे सिद्ध करावे लागते. मालकाच्या संमतीने असलेला ताबा, मग तो कितीही वर्षांचा असो, प्रतिकूल ठरत नाही. तेव्हा अशा भानगडीत हक्क कुणाचाच पक्का होत नाही, वाद मात्र दोघांचाही होतो.

म्हणून कुंपण बदलणाऱ्या प्रत्येकाला पहिला सल्ला हा, की पहार हातात घेण्यापूर्वी मिळकत पत्रिका आणि नकाशा काढून हद्द तपासावी. शंका असेल तर नगर भूमापन कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. मोजणीच्या वेळी लगतच्या धारकांना नोटीस जाते, खुणा दाखवल्या जातात आणि नंतर मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. हद्दीचा दगड कामात आडवा आला तरी तो हलवू नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी जमीनधारकावर असते आणि खूण मोडणे दंडास पात्र आहे. आम्ही काकूंशी बोलून अर्ज केला. मोजणी २०२३च्या जानेवारीत झाली आणि दोन्ही दगड बरोबर ठरले. काकूंच्या थोरल्या मुलाने फोनवर अगदी सौजन्याने सांगितले, की कुंपण सरळ रेषेत झाले तर बरे. त्यात वावगे काही नव्हते. याचा अर्थ मात्र असा होता, की वडिलांचा पारिजातक कुंपणाच्या पलीकडे जाणार. मुलाने विचारले, "आजोबांचं झाड देऊन टाकायचं?" झाड त्यांच्याच जमिनीत होते, एवढेच उत्तर माझ्यापाशी होते. दोन्ही घरांच्या सह्यांचे एक साधे पत्र केले. त्यात कुंपण मोजणीच्या रेषेवर आहे, झाड पलीकडील आवारात आहे आणि खर्च आमचा आहे, एवढे तीन मुद्दे लिहिले.

या कामाला उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतरचा. पाऊस थांबलेला असतो आणि जमिनीत ओल शिल्लक असल्याने खड्डे सहज निघतात. मोजणीमुळे आमचा तो मुहूर्त हुकला आणि फेब्रुवारीत हात घालावा लागला. जमीन कडक झाली होती. आदल्या संध्याकाळी खड्ड्यांच्या जागी पाणी ओतून ठेवण्याची युक्ती कामी आली.

जुनी काटेरी तार काढणे हा सर्वांत धोक्याचा भाग. ताणलेली तार तोडताच ती सापासारखी उलटते. चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. तार तोडताना तिच्या रेषेत उभे न राहता खांबाआड, बाजूला उभे राहावे आणि एका वेळी दोन खांबांमधला एकेक तुकडा मोकळा करावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असणे हे वेगळे सांगायला नको. झुडपांच्या आणि दगडांच्या ढिगात आधी काठी घालून पाहावी. सापाला बाहेर पडायला वेळ द्यावा. सिमेंटात रुतलेले जुने ठोंब उपटण्यात आमचा अर्धा दिवस फुकट गेला. नंतर लक्षात आले, की ते उपटण्याची गरजच नव्हती. नव्या खांबांची मांडणी जुन्या खड्ड्यांच्या अधेमधे येईल अशी केली, तर न हललेली, घट्ट जमीन मिळते आणि जुने ठोंब जमिनीखाली वीतभर छाटून तसेच ठेवता येतात.

आता हिशेब. जाळीच्या कुंपणाला दोन खांबांत आठ फुटांपर्यंत अंतर चालते. साठ फुटांच्या बाजूचे साडेसात फुटांचे आठ गाळे आणि चाळीस फुटांच्या बाजूचे आठ फुटांचे पाच गाळे पाडले, तर कोपऱ्याचा खांब दोन्हींत समाईक धरून एकूण चौदा खांब लागतात. पाच फूट उंचीची जाळी आणि दीड फूट काँक्रीटमध्ये, म्हणजे खांब साडेसहा फुटांचा. अँगलची लांबी बाजारात सुमारे वीस फुटांची येते. तिच्यातून तीन खांब निघतात. म्हणजे खांबांना पाच लांब्या. शिवाय दोन टोकांना एकेक आणि कोपऱ्याला दोन असे चार तिरके टेकू, त्यांना दोन लांब्या. चाळीस मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड अँगलचे वजन मीटरला तीन किलो असते. सात लांब्या मिळून सव्वाशे किलोच्या आसपास होतात. दुकानदाराच्या काट्याशी हा आकडा ताडून पाहावा. खांब कापणे, जाळीच्या तारांसाठी तीन-तीन भोके पाडणे आणि खालच्या टोकाला सळईचा आडवा तुकडा जोडणे, ही कामे फॅब्रिकेशनच्या दुकानातच करून घ्यावीत. स्वतः काम करणे म्हणजे वेल्डिंगची ठिणगीही स्वतःच पाडणे नव्हे.

जाळी वजनावर विकली जाते आणि खरी फसवणूक तिथेच होते. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाड असते, बारा गेजची दोन पूर्णांक सहा दशांश. दोन इंची भोकांच्या दहा गेज जाळीचे वजन चौरस मीटरला पावणेतीन किलोच्या आसपास येते, बारा गेजचे पावणेदोनच्या थोडे वर. पाचशे चौरस फुटांना दहा गेजची जाळी सव्वाशे किलो भरेल, बारा गेजची ऐंशी-पंच्याऐंशी. तेव्हा "दहा गेजच आहे साहेब" या शब्दावर न जाता गुंडाळी काट्यावर ठेवावी. हिरव्या प्लास्टिकच्या वेष्टनाची जाळी घेताना जाडी वेष्टनासकट सांगितली आहे की आतल्या तारेची, हे विचारावे. तार जस्ताच्या मुलाम्याची असावी. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, त्यामुळे बारीकसा ओरखडा पडला तरी तिथे लगेच गंज धरत नाही.

खांबांना उभे करण्यापूर्वी रेड ऑक्साइडचा हात दिला. काँक्रीटमध्ये जाणारा भाग मात्र कोरा ठेवला, कारण काँक्रीट क्षारधर्मी असल्याने त्यात घट्ट बसलेले लोखंड गंजत नाही आणि रंगामुळे उलट पकड कमी होते. जिथे काँक्रीट संपते आणि हवा सुरू होते, त्या पातळीच्या वर-खाली तीन-तीन इंच डांबरी रंगाचे दोन जाड हात दिले. खांबाला जे काही लाड करायचे, ते याच पट्ट्यात करावेत.

रेषा आखताना घाई करू नये. आधी दोन टोकांचे आणि कोपऱ्याचा असे तीनच खांब उभे करावेत. कोपरा काटकोनात आहे का, हे पाहायला गवंड्याची जुनी रीत पुरते: एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजावे, तिरके अंतर बरोबर पाच फूट भरले पाहिजे. भूखंडाचा कोपरा मुळातच काटकोनी नसेल, तर अर्थातच हद्दीचे ऐकावे. तीन खांबांमध्ये नायलॉनची दोरी ताणून मधले खांब तिच्या आधाराने लावायचे, पण दोरीला टेकवून नव्हे. एक खांब दोरीला टेकला की ती तसूभर सरकते, पुढचा त्या सरकलेल्या दोरीला टेकतो आणि शेवटी सगळी रांग पोट काढून उभी राहते. काडेपेटीच्या काडीएवढी फट सगळीकडे सारखी ठेवावी. माथे एका पातळीत आणण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि उभेपणासाठी ओळंबा, एवढी साधने पुरतात.

खड्डा फूटभर चौरस आणि पावणेदोन फूट खोल घेतला. आमच्याकडे वर फूटभर काळी माती आणि खाली मुरूम आहे, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा तळ मुरमात पोहोचला. ज्यांच्याकडे काळी माती खोलवर आहे, त्यांनी खड्डा आणखी खाली न्यावा आणि तळाशी थोडा रुंद करावा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांबाला दरवर्षी थोडे थोडे वर ढकलते. अरुंद खड्ड्यातून माती काढायला फावडे उपयोगी पडत नाही. पहारीने सैल करावी आणि नारळाच्या करवंटीने उपसावी. तळाशी तीन इंच खडी घालून त्यावर खांब ठेवला, म्हणजे खालून पाणी निचरते.

पारिजातकाजवळच्या खड्ड्यात मनगटाएवढे मूळ लागले. मूळ तोडले असते तर काम पाच मिनिटांचे होते. झाड आता आमचे नव्हते आणि कदाचित म्हणूनच ते तोडायचा धीर झाला नाही. खड्डा दहा इंच पलीकडे सरकवला. त्यामुळे एक गाळा अरुंद आणि शेजारचा रुंद झाला. जवळून पाहणाऱ्याला ते खटकते. खटकू दे.

काँक्रीट एकास दोनास चार, म्हणजे सिमेंट एक भाग, वाळू दोन आणि खडी चार. चौदा खांब आणि टेकूंचे चार छोटे खड्डे मिळून चोवीस घनफूट काँक्रीट लागले. त्याला सव्वाचार पोती सिमेंट, म्हणून पाच आणली. पाण्याचा मोह आवरावा. एका पोत्याला पंचवीस लिटरांच्या आसपास पाणी पुरे. मिश्रण खिरीसारखे सैल केले की खड्ड्यात ओतायला सोपे जाते, पण वाळल्यावर ते ठिसूळ होते. सळईने टोचून टोचून आतली हवा काढावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून त्याला चारी बाजूंनी उतार द्यावा, छत्रीसारखा. पाणी खांबाकडे न येता त्याच्यापासून दूर गेले पाहिजे. आमच्या १९९८च्या ठेकेदाराने नेमके याच्या उलट केले होते.

टेकूंविषयी थोडे सांगायला हवे, कारण हौशी कामात ते हमखास वगळले जातात. मधल्या खांबांवर दोन्हीकडून सारखा ताण येतो, म्हणून ते स्वस्थ उभे असतात. टोकाच्या आणि कोपऱ्याच्या खांबांना जाळी एकाच दिशेने आत खेचते. त्यांना कुंपणाच्या रेषेतच, जाळीच्या बाजूने तिरका टेकू हवा. तो खांबाच्या साडेतीन फूट उंचीवर टेकतो आणि त्याचा पाय तितकाच दूर जमिनीत पुरून काँक्रीटने बंद होतो. कोपऱ्यावर दोन दिशांचा ओढा, म्हणून दोन टेकू.

आणि इथेच माझ्या हातून चूक झाली. शनिवारी काँक्रीट ओतले. रविवारी ते बोटाने दाबून पाहिले, कडक लागले. सोमवारी सुटी संपणार होती, म्हणून मुलाचे न ऐकता त्याच संध्याकाळी कोपऱ्यापासून जाळी ताणायला घेतली. रात्रीपर्यंत कोपऱ्याचा खांब टेकूसकट दोन इंच झुकला होता. काँक्रीट वरून कडक होते ते पहिल्या दिवशीच. त्याची ताकद मात्र हळूहळू येते. सात दिवस ओले ठेवले तर अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीचा साधारण दोन तृतीयांश भाग तयार होतो. तो खड्डा फोडून, पुन्हा भरून, ओली पोती गुंडाळून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत बसलो. उरलेले पाऊण पोते सिमेंट त्यात गेले.

पुढच्या रविवारी जाळी चढवली. आधी खांबांच्या भोकांतून वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा ओढून टोकाशी टर्नबकलने ताणल्या. त्यांच्याविना जाळी मधोमध झोळीसारखी लोंबते. जाळी एका टोकाला पट्टीने घट्ट बांधावी, उभी करून उलगडत न्यावी आणि दुसऱ्या टोकाला सळई ओवून, तिला दोर बांधून खेचावी. हाताने दाबल्यावर इंचभर आत जाऊन परत आली की ताण पुरे. दोन गुंडाळ्या जोडायला ना वेल्डिंग लागते ना गाठी. जाळीची प्रत्येक तार मळसूत्रासारखी पिळलेली असते. टोकाची एक तार वरची व खालची अढी सोडून फिरवत राहिले की ती अलगद निघून येते आणि दोन तुकडे शेजारी धरून तीच तार फिरवत आत घातली की सांधा ओळखूही येत नाही. लांबी कमी करायची असली तरी हीच युक्ती. मुलाला हे एवढे आवडले, की त्याने कारण नसताना एक तुकडा काढून पुन्हा जोडून पाहिला. बांधण्यासाठी सेंट्रिंगची काळी तार वापरू नये. ती पहिल्याच पावसात गंजते आणि गंजाचे ओघळ जाळीवर उतरतात. जस्ताच्या मुलाम्याची मऊ तार दोन फुटांवर एकेक पुरते, आणि तिची टोके आत वळवून ठेवावीत.

बोळाच्या बाजूला जाळीच्या तळाशी एका ठिकाणी वीतभर फट मुद्दाम ठेवली आहे, कारण मुंगसाची वाट तिथून आहे आणि आमच्या आधीपासून आहे. त्याच बाजूला २०२३च्या जूनमध्ये जाळीपासून दीड फूट आत मेंदी आणि कोयनेलाची रोपे लावली. हिरवे कुंपण एकट्याच्या बळावर उभे राहायला तीन-चार वर्षे घेते, तोवर जाळी राखण करते. रोपे जाळीला चिकटवून लावली, तर छाटणी पलीकडच्या बाजूने करता येत नाही आणि खांबाच्या पायथ्याशी ओल कायम राहते.

आता दरवर्षी पाऊस संपला की एक सकाळ कुंपणाची. खांबांच्या पायथ्याशी वाहून आलेली माती आणि पाचोळा बाजूला करायचा, काँक्रीटची छत्री उघडी करायची, डांबरी रंग कुठे सुटला असेल तर हात फिरवायचा, टर्नबकल अर्धा फेरा आवळायचा. चौदा खांबांना दोन तास लागतात. शेजारच्या बाजूला पारिजातकाची पाने फार पडतात आणि नेमकी दोन खांबांच्या पायाशी साचतात. तिकडचा पाचोळा आठवड्यातून एकदा काकू त्यांच्या बाजूने खराट्याने ओढून घेतात.